बालाक्लावाचा धक्का: विल्यम सिम्पसनने काढलेली युद्धातल्या बंदराची चित्रं

रेघ:

क्रिमियन युद्ध म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात, फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि तोफांवर चालून गेलेले ते घोडेस्वार. मला मात्र या युद्धातली सगळ्यात महत्त्वाची जागा बंदर वाटते, काळ्या समुद्राच्या काठचं, क्रिमिया द्वीपकल्पातलं बालाक्लावाचं बंदर, आणि असं वाटायला कारण आहे विल्यम सिम्पसन नावाचा चित्रकार. बरेच दिवस त्याची चित्रं बघतेय, त्यावर इथे बोलायचं होतं.

सिम्पसन १८२३ चा, ग्लासगोचा, गरीब घरातला. शाळा जेमतेम झाली, पोरवयातच शिळाछापखान्यात (दगडावरून चित्रं छापायच्या कारखान्यात) उमेदवारीला लागला आणि १८५१ मध्ये लंडनला डे अँड सन या मोठ्या छापखान्यात आला. १८५४ मध्ये इंग्लंड, फ्रान्स, तुर्कस्तान एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या बाजूला असं युद्ध पेटलं, सैन्य क्रिमियात उतरलं, सेव्हास्तोपोल या रशियाच्या बंदराला वेढा पडला आणि लंडनमधल्या लोकांना तिथे काय चाललंय ते बघायचं होतं. कोलनागी नावाचे चित्रांचे व्यापारी होते, त्यांनी सिम्पसनला तिकडे पाठवलं. तो बालाक्लावाला पोचला १५ नोव्हेंबर १८५४ ला.

ही तारीख फार महत्त्वाची आहे, कारण आदल्याच दिवशी, १४ नोव्हेंबरला, काळ्या समुद्रात भयंकर वादळ झालं होतं. बंदराबाहेर नांगर टाकून असलेली जहाजं कड्यांवर आपटून फुटली. त्यात प्रिन्स नावाची मोठी आगबोट होती, तिच्यात सैन्यासाठी आणलेले हिवाळी कपडे होते, डगले, लोकरी सदरे, मोजे, घोंगड्या. ती जवळजवळ सगळ्या खलाशांसकट बुडाली. रेझोल्यूट नावाचं दारूगोळ्याचं जहाज बुडालं. आणि प्रिन्स काही त्या दिवशी आली नव्हती, ८ तारखेलाच येऊन पोचली होती, पण आत जागा नाही म्हणून बाहेर खोल पाण्यात उभी होती. म्हणजे कपडे इंग्लंडहून हजारो मैल व्यवस्थित आले आणि धक्का समोर दिसत असताना गेले.

सिम्पसनने नंतरचे महिने जे काढलं त्यात खंदक आहेत, तोफा आहेत, लढाया आहेत, पण माझं मन या तीन-चार चित्रांत अडकलंय. एक, बालाक्लावा समुद्राच्या दिशेने. दोन्हीकडे उघडे डोंगर, वर जेनोव्हाच्या लोकांनी बांधलेल्या जुन्या किल्ल्याचे पडके बुरूज आणि खाली त्या चिंचोळ्या पाण्यात डोलकाठ्याच डोलकाठ्या. दुसरं, पावसाळी हवेतला कादिकोईजवळचा रस्ता, त्याला त्याने नावच दिलंय कमिसारिएटच्या अडचणी, म्हणजे रसद खात्याच्या अडचणी. गाड्या चिखलात रुतल्यात, जनावरं कोसळलीत, माणसं ओढतायत. तिसरं, झोपड्यांचं सामान आणि गरम कपडे वर चाललेत, सगळीकडे बर्फ, आणि लाकडी फळ्या माणसांच्या खांद्यावर. चौथं बालाक्लावाच्याच किनाऱ्यावरचं, आजारी सैनिकांना होड्यांत चढवतायत.

ही चारही शेजारीशेजारी लावून बघा. बंदरात माल येतोय, रस्त्यात अडकतोय, माणसाच्या पाठीवर थोडाथोडा वर जातोय आणि ज्यांना तो वेळेत मिळाला नाही ती माणसं त्याच धक्क्यावरून परत जातायत. या युद्धात ब्रिटिशांची सुमारे २१ हजार माणसं मेली आणि त्यातली १६ हजारांच्या आसपास आजारपणाने. लढाईची चित्रं कितीही असोत, या मरणाचं कारण बघायचं तर ते बंदराच्या चित्रांतच दिसतं असं माझं ठाम मत आहे.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. युद्धातल्या बंदरांची अजून कुणाची चित्रं माहीत असतील तर तीही सांगा.

पानसुपारी:

वाचनखूण साठवली. प्रिन्स आगबोटीचं वाचून वाईट वाटलं. जहाज आत का घेतलं नाही पण? इतके दिवस जागाच झाली नाही?

गोदीवाला:

रेघताई, विषय माझ्या जवळचा काढलात. मुंबईच्या गोदीत आयुष्य गेलं माझं, टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजणी लिहिणारा, म्हणून लागलो आणि शेडचा कारभार बघत निवृत्त झालो. पानसुपारी यांच्या प्रश्नाला माझ्या परीने उत्तर देतो.

बंदर भरतं ते जहाजं जास्त आली म्हणून भरत नाही, शेडमधला माल बाहेर गेला नाही की भरतं. हे बाहेरच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. धक्का मोकळा असेल तर जहाज रिकामं होतं आणि निघून जातं, पण शेड तुंबली की स्लिंग, म्हणजे मालाची झोळी, उतरवायला जागा राहत नाही, मग हॅच, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या कोठाराचं तोंड, उघडी असूनही काम थांबतं, मग जहाज धक्क्याला लागून तसंच पडून राहतं आणि मागचं जहाज बाहेर नांगरावर. बालाक्लावाचा नकाशा मी आत्ता बघितला, सुरईच्या गळ्यासारखं आहे ते, तोंड वाकडं आणि आत लांबट पण अरुंद पाणी. एवढ्याशा जागेत शिडाची जहाजं, आगबोटी, चाऱ्याच्या होड्या सगळं कोंबलेलं असणार आणि मोठी आगबोट आत वळवायलाही अवघड.

अजून एक गोष्ट. माल भरताना कुठला आधी लागणार त्याचा विचार करून भरावा लागतो, आधी लागणारा वर, मागून लागणारा तळाला. आमच्याकडे त्याचा कागदच असायचा, कुठल्या हॅचमध्ये काय आणि कुठल्या थराला. तो कागद नसेल किंवा चुकला असेल तर तुम्ही हवी ती पेटी शोधत सगळा हॅच उपसता. युद्धाच्या घाईत हे हमखास होतं. त्या काळी तिथे असा काही हिशेब होता का?

रेघ:

गोदीवाला काका, खूप छान समजावलंत. तुम्ही म्हणताय तेच झालं होतं. प्रिन्सवरच औषधांचा साठा तोफगोळ्यांच्या खाली गेला होता असं वर्णन आहे. इतर जहाजांचंही असंच, काय कुठे भरलंय याचा धड कागद नाही, काही जहाजं तर अर्धा माल पोटात ठेवूनच परत इस्तंबूलकडे गेली आणि पुन्हा आली.

पण मूळ दुखणं तुम्ही सांगितलंत तेच, माल पुढे सरकत नव्हता. बंदरापासून वेढ्याच्या छावण्या सात-आठ मैल लांब आणि चढावर. चांगला खडी घातलेला एकच रस्ता होता, व्होरोन्त्सोव्ह रस्ता, तो २५ ऑक्टोबर १८५४ च्या बालाक्लावाच्या लढाईनंतर रशियनांच्या माऱ्याखाली गेला. तेच ते घोडेस्वारांचं प्रकरण. म्हणजे लोकांना तो हल्ला आठवतो पण त्याच दिवशी रस्ता गेला हे आठवत नाही, आणि हिवाळाभर सैन्य उपाशी राहिलं ते त्या रस्त्यापायी. उरली ती मातीची वाट, नोव्हेंबरच्या पावसात तिचा नुसता राडा झाला.

मग चक्रच सुरू झालं. चिखलामुळे गाड्या चालेनात म्हणून सगळं जनावरांच्या पाठीवर, पण जनावरांना चारा नाही, चारा वजनाला हलका पण जहाजात जागा खूप खातो, मुख्य कमिसारी फिल्डर याने सप्टेंबरातच इंग्लंडकडे मागणी केली होती आणि वर्ष संपेपर्यंत आला तो अगदीच थोडा. घोडे-खेचरं पटापट मेली. मग सैनिकांनी स्वतः खाली चालत यायचं, बिस्किटं आणि खारं मांस खांद्यावर घ्यायचं आणि परत वर जाऊन रात्री खंदकात पहारा द्यायचा. घोडदळाच्या घोड्यांवरसुद्धा बिस्किटाची पोती लादली. कॉफी मिळायची ती कच्ची, हिरव्या दाण्यांची, भाजायला सरपण नाही. आणि सगळ्यात चीड येते ती लिंबाच्या रसाची. हिरड्या सडण्याचा आजार, स्कर्व्ही, पसरला होता आणि वजनाने २० हजार पौंड लिंबाचा रस १० डिसेंबरला बंदरात येऊन पडला होता. तो वाटायला फेब्रुवारी उजाडला!

पानसुपारी:

लिंबाचा रस दोन महिने पडून?? कुणाला विचारलं नाही का त्याबद्दल?

रेघ:

विचारलं. १८५५ मध्ये मॅकनील आणि टलक या दोघांना चौकशीला पाठवलं, लिंबाचा रस, हिरवी कॉफी, चारा हे सगळं त्यांच्या अहवालात आलंय. त्याआधीच, जानेवारीच्या शेवटी, पंतप्रधान अ‍ॅबरडीनचं सरकार पडलं. टाइम्सचा बातमीदार रसेल तिथून लिहीत होता त्याचाही मोठा वाटा. पण अधिकाऱ्यांचं म्हणणं असं असायचं की माल पोचलाय. आणि कागदावर तो पोचलेलाच होता, बंदरात.

चौकस:

धागा चांगला आहे, माहितीही भरपूर, पण सिम्पसनला तुम्ही जरा जास्तच मोठं करताय असं वाटतं. तो काही सत्य सांगायला गेलेला नव्हता, चित्रं विकायला गेला होता. त्याची चित्रं राणीपर्यंत जात होती. ज्या ड्यूक ऑफ न्यूकॅसलच्या हातात युद्धखातं असताना हा सगळा गोंधळ झाला त्याच ड्यूकबरोबर तो नंतर १८५५ मध्ये कॉकेशसमधल्या चेर्केसियाच्या बाजूला हिंडायला गेला. आणि घोडेस्वारांच्या हल्ल्याचं चित्र त्याने काढलंय ते तर त्याने पाहिलेलंच नाही, हल्ला ऑक्टोबरात आणि हा पोचला नोव्हेंबरात. त्या हल्ल्याचं नेतृत्व करणाऱ्या लॉर्ड कार्डिगनला ते चित्र दाखवलं तर त्याने दोनदा नापसंत केलं, तिसऱ्यांदा सिम्पसनने कार्डिगनला अगदी पुढे ठळक दाखवलं तेव्हा कुठे साहेब खूश झाले. हे सिम्पसनने स्वतःच लिहून ठेवलंय. अशा माणसाच्या चित्राला पुरावा कसं मानायचं?

रेघ:

चौकस, तुमचे मुद्दे सगळे बरोबर आहेत आणि ते या धाग्यात यायलाच हवे होते. पण मी त्यातून उलटा निष्कर्ष काढते.

घोडेस्वारांच्या चित्रात कार्डिगनला रस होता, कारण त्यात त्याची कीर्ती होती. त्यामुळे ते चित्र त्याच्या मर्जीने बदललं. कमिसारिएटच्या अडचणी या चित्रात पुढे उभं राहायला कुठलाही लॉर्ड आला नसता. त्या चिखलात आपण दिसावं असं कुणालाच वाटत नव्हतं, म्हणून तिथे दुरुस्ती सुचवणारा कुणी नव्हता. आणि ते त्याने ऐकून काढलेलं नाही, तो हिवाळाभर तिथेच होता, त्याच वाटेने जात-येत होता. लढाई एका सकाळी संपते, चित्रकार नेमका तिथे असेलच असं नाही. बंदर रोज तिथेच असतं.

विकायला काढली होती हेही मान्य. पण मेलेले घोडे आणि होडीत चढवलेले आजारी सैनिक दिवाणखान्यात टांगायला कुणी मागणी केली नसणार, तरी त्याने ते काढलं आणि कोलनागींनी प्रसिद्ध केलं. भडक केलं नाही हे खरं. त्याची माणसं व्यवस्थित रेखलेली आहेत, आकाश सुंदर आहे, दुःख अंगावर येत नाही. मला वाटतं तो शिळाछापाच्या कारखान्यात घडलेला माणूस होता, दिसेल ते नीट मांडायचं ही त्याची सवय होती. धक्क्यावर बघण्यासाठी तीच सवय उपयोगाची ठरली.

चौकस:

लॉर्ड पुढे उभा राहिला नसता हा मुद्दा पटला. तरीही मी एकट्या सिम्पसनवर विसंबणार नाही. रॉजर फेंटनचे फोटो आहेत की बालाक्लावाचे, तेही त्याच काळातले. फोटो असताना स्केच कशाला?

कैरी:

मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. आम्हाला फेंटनचे फोटो वर्गात दाखवले होते. ते इतके शांत वाटतात! बंदराचे आहेत पण गजबज अजिबात नाही, माणसं आहेत ती नुसती उभी. मला तेव्हा वाटलं होतं की बंदरात बहुतेक गर्दी नसेलच.

रेघ:

कैरी, अगदी नेमकं बघितलंस. फेंटन ओल्या कोलोडियनच्या पद्धतीने फोटो काढायचा. काचेवर रसायन लावायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच गाडीतल्या अंधाऱ्या खोलीत धुवायचा. त्यासाठी त्याने घोडागाडीच आणली होती. काचेला कित्येक सेकंद उजेड द्यावा लागायचा, त्यामुळे जे हलतंय ते पुसट व्हायचं किंवा उमटायचंच नाही. जे थांबून राहिले तेच दिसतात. बंदरातलं काम म्हणजे सगळी हालचाल, पोतं पाठीवर घेऊन पळणारा माणूस, वर जाणारी स्लिंग, पाण्यात हलणारी होडी. ते त्या कॅमेऱ्यात मावतच नव्हतं.

आणि चौकस, दुसरी गोष्ट, फेंटन आला मार्च १८५५ मध्ये. तोपर्यंत बर्फ वितळत आलं होतं, बंदरापासून छावण्यांकडे टाकलेली रेल्वे पुढे सरकत होती, कपडे पोचले होते. सगळ्यात वाईट हिवाळ्याचे त्याचे फोटो नाहीतच. त्याचे साडेतीनशेच्या वर फोटो आहेत आणि ते अनमोलच आहेत, धक्क्यावरच्या तोफगोळ्यांच्या राशी, गुरं उतरवायचा धक्का, लाकूडसामान हे सगळं त्यात कडक स्वच्छ दिसतं. वस्तू बघायच्या तर फेंटन, काम बघायचं तर सिम्पसन.

रूळवेडा:

रेल्वेचं नाव काढलंत म्हणून आलो, नाहीतर युद्ध हा माझा विषय नाही.

बालाक्लावाची रेल्वे हा माझा फार आवडता किस्सा आहे. पेटो, ब्रासी आणि बेट्स या कंत्राटदारांनी ती नफा न घेता बांधून द्यायची तयारी दाखवली. रूळ, स्लीपर, वाघिणी, इंजिनं, शेकडो नॅव्ही (म्हणजे आरमार नव्हे, रेल्वेची खोदकामं करणारे) कामगार सगळं जहाजांत भरून इंग्लंडहून डिसेंबरात निघालं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला काम सुरू झालं आणि सुमारे सात आठवड्यांत सात मैल रूळ टाकून झाले. जेम्स बीटी हा इंजिनियर होता. लाईन थेट धक्क्यापासून सुरू होत होती, गावातल्या रस्त्यातून. मधल्या चढावर एका जागी बसवलेल्या इंजिनाने दोराने वाघिणी ओढायच्या, बाकी बराचसा भाग घोड्यांनी, काही उतारावर वाघिणी आपोआप खाली. धावणारी वाफेची इंजिनं नंतर आली.

काळ लक्षात घ्या, बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, त्याला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. युद्धासाठी मुद्दाम रेल्वे बांधायची ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती. एप्रिलमधल्या मोठ्या तोफमाऱ्याचा दारूगोळा याच रुळांवरून वर गेला आणि येताना त्याच वाघिणींतून आजारी माणसं खाली आणली.

गोदीवाला काकांचं म्हणणं इथे तंतोतंत लागू पडतं. बंदर सुधारलं नाही, मागचा रस्ता सुधारला आणि बंदर आपोआप मोकळं झालं.

सिम्पसनने ही रेल्वे काढलीय का?

रेघ:

हो, काढलीय! बालाक्लावाची रेल्वे, दक्षिणेकडे बघताना, असं त्या चित्राचं नाव. हिवाळ्यातल्या चित्रांनंतर ते बघितलं की हायसं वाटतं.

गोदीवाला:

रूळवेडा यांनी फार चांगली माहिती दिली. पण बंदर सुधारलं नाही हे मात्र मी मान्य करणार नाही, धक्के बांधल्याशिवाय आणि शिस्त लावल्याशिवाय नुसत्या रुळांनी भागत नाही.

रेघ:

काका बरोबर आहेत. रिअर अ‍ॅडमिरल बॉक्सर हा १८५५ च्या सुरुवातीला बंदर सांभाळायला आला, त्याने धक्के बांधून घेतले, जहाजांना जागा नेमून दिल्या. आधी त्याच्यावर खूप टीका झाली होती पण बालाक्लावात त्याने काम केलं. जूनमध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला. मार्चमध्ये आरोग्य आयोग आला, त्यांनी बंदरातलं घाण पाणी, मेलेली जनावरं, सगळं साफ करायला लावलं. आणि वाहतुकीसाठी वेगळं दल काढलं, त्याचा प्रमुख कर्नल मॅकमर्डो. हा आधी सिंधमध्ये चार्ल्स नेपियरच्या हाताखाली होता, तिथे नेपियरने उंटांवरून सामान नेणारं शिस्तीचं दल उभं केलं होतं. तो अनुभव क्रिमियात कामाला आला.

पानसुपारी:

एक प्रश्न. हे सगळं उतरवत कोण होतं? सैनिक की मजूर? चित्रात कळतं का?

रेघ:

फार चांगला प्रश्न, आणि मला वाटतं याच्यासाठी तरी ही चित्रं बघायला हवीत. सैनिक होतेच, खलाशी होते, पण तुर्की सैनिक मोठ्या संख्येने ओझी वाहायला लावले होते. २५ ऑक्टोबरच्या लढाईत तुर्कांनी मोर्चे सोडले म्हणून इंग्रजांनी त्यांना नावं ठेवली, खरं तर त्यांनी तिथे बराच वेळ एकट्याने मारा सहन केला होता, आणि मग त्यांना लढाईतून काढून हमालीला जुंपलं. बालाक्लावात ते उपासमारीने आणि रोगाने शेकड्याने मेले. शिवाय क्रोएट मजूर आणले होते, त्यांचे फोटो फेंटनने काढलेत. खेचरं हाकायला भूमध्य समुद्राच्या काठाकाठाहून गोळा केलेली माणसं होती.

सरकारी खलित्यांत ही माणसं संख्येपुरती सुद्धा नीट येत नाहीत. चित्रात मात्र चित्रकाराला जागा भरायला आकृती लागतात आणि तो समोर दिसेल त्याला काढतो, मग तुर्की टोपीवाला माणूस पाठीवर ओझं घेऊन येतोच. त्याचं नाव मिळत नाही, पण तो होता आणि वजन त्याच्या पाठीवर होतं हे दिसतं. एवढ्यासाठी मी सिम्पसनची ऋणी आहे.

गोदीवाला:

ताई, हे वाचून थांबलो जरा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईत व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. युद्धाचा काळ, एकाच जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं, कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं, वर सोन्याच्या विटा. साधी वेळ असती तर असा माल एकत्र कुणी भरला नसता आणि भरला तरी धक्क्याला लावू दिला नसता. कापसाला आग लागली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आगीच्या बंबावरच्या जवानांची नावं स्मारकावर आहेत, दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. पण त्या दिवशी हॅचमध्ये उतरलेले हमाल, आजूबाजूच्या शेडमधले मजूर, त्यांची मोजदाद कुठे पुरी झाली? आठशेच्या वर माणसं गेली म्हणतात, जुने लोक हा आकडा कमीच मानायचे. आम्ही लागलो तेव्हा त्यांच्यातले काही मुकादम म्हातारे होऊन हयात होते, ते त्याबद्दल सहसा बोलत नसत.

त्या दिवसांतल्या गोदीची कुणी अशी चित्रं काढून ठेवली असती तर.

चौकस:

काका, हे लिहिलंत ते बरं केलंत. बालाक्लावातही दारूगोळ्याची जहाजं त्याच गर्दीत उभी असायची, तिथे तसं काही झालं नाही हे नशीब म्हणायचं.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर, रेघ, अ‍ॅबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेबद्दल लिहा ना. ती तर मुंबईतूनच निघाली होती आणि माझ्या आठवणीप्रमाणे सिम्पसन तिकडेही गेला होता.

रेघ:

हो, १८६८ मध्ये इलस्ट्रेटेड लंडन न्यूजने त्याला तिकडे पाठवलं. त्यावर खरं तर वेगळा धागा हवा, इथे थोडक्यात लिहिते. तिथल्या सम्राट थिओडोरने युरोपियन लोकांना कैदेत ठेवलं म्हणून मुंबई सैन्याचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर (हा सिंधवाल्या नेपियरपेक्षा वेगळा) फौज घेऊन गेला. लाल समुद्राच्या काठी झुला म्हणून ओसाड जागा, तिथे बंदर असं नव्हतंच, मुंबई सैन्याने ते उभं केलं. धक्के बांधले, प्यायला पाणी नाही म्हणून जहाजांवर समुद्राचं पाणी उकळून गोडं पाणी केलं, आणि क्रिमियाचा धडा घेऊन आधीच रेल्वे टाकली, रूळ आणि मजूर हिंदुस्थानातून. सुमारे १३ हजार सैनिक, त्याहून कितीतरी जास्त नोकर-मजूर, हजारो खेचरं, उंट आणि ४४ हत्ती. हत्ती जहाजातून उतरवतानाची चित्रं त्या काळात खूप गाजली.

पण सुरुवात तिथेही वाईटच झाली. सुएझच्या बाजूने खेचरं येऊन धडाधड उतरली आणि त्यांना सांभाळायला माणसं नाहीत, बांधायला साखळ्या नाहीत, पाणी नाही. मोकळी सुटून किनाऱ्यावर हिंडत तहानेने आणि रोगाने मेली. नंतर नेपियर स्वतः आला आणि घडी बसली.

शिळाछाप:

उशिरा आलो पण राहवलं नाही. माझा नाद जुन्या छपाईचा. सिम्पसनच्या चित्रांचं तंत्र कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तो तिथे पेन्सिलने आणि जलरंगाने काढायचा, टपालाने लंडनला पाठवायचा, आणि डे अँड सनमधले कारागीर ते चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर चिकट खडूने उतरवायचे. दगड ओला केला की पाणी कोऱ्या भागावर राहतं आणि शाई खडूच्या रेघांना धरते. रंगछटांसाठी वेगळे दगड. आपल्याकडे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते याच शिळाछापावर, म्हणजे हे तंत्र मराठी माणसाला क्रिमियन युद्धाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

यात एक फरक आहे तो सांगतो. इलस्ट्रेटेड लंडन न्यूजसारखी साप्ताहिकं लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापायची, बरेच छोटे ठोकळे जोडून एक चित्र, प्रत्येक तुकडा वेगळा कोरक्या कोरणार. त्यात मूळ हात हरवतो. दगडावर खडूची रेघ खडूसारखीच राहते, म्हणून सिम्पसनचा चिखल चिखलासारखा दिसतो.

कैरी:

शिळाछाप दादा, हे किती सोपं करून सांगितलंत, आम्हाला वर्गात इतकं नीट कळलं नव्हतं. रेघताई, मला एक विचारायचंय. मला बंदर काढायचंय, ससून डॉकला जाऊन प्रयत्न केला पण सगळं इतकं हलतं की कुठून सुरुवात करावी कळत नाही, घरी आल्यावर नुसत्या होड्यांची रांग दिसते. सिम्पसनकडून काय शिकता येईल?

रेघ:

कैरी, आधी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर त्याची चित्रं मोठी करून बघ, फुकट आहेत, मूळ आकारात उतरवूनही घेता येतात. एक गोष्ट दिसेल, तो आधी न हलणारं पक्कं करतो. डोंगराची कड, किल्ला, पाण्याची किनार, मग डोलकाठ्यांच्या उभ्या रेघा. हा सांगाडा एकदा बसला की माणसं नंतर कुठेही घालता येतात.

ससून डॉकला पहाटे जा. आधी छप्पर, धक्क्याची कड आणि दोन-तीन होड्यांच्या नाळा एवढंच काढ, माणसं काढूच नकोस. मग एका जागी बसून एकाच कामाकडे बघ, टोपल्या होडीतून वर फेकतात ते किंवा डोक्यावर टोपली घेऊन बायका निघतात ते. तेच काम पुन्हापुन्हा होत राहतं, त्यामुळे एका बाईचा वाकलेला खांदा हुकला तर पुढच्या बाईचा मिळतो, पाचव्या-सहाव्या खेपेला हात आपोआप चालायला लागतो. ओझं कुठे टेकलंय आणि पाय कुठे पडलाय एवढं बरोबर आलं तरी पुरे, चेहरा नाही आला तरी चालेल. आणि तिथल्या मावश्यांना आधी विचारून बस, वाटेत बसू नकोस, त्यांची घाईची वेळ असते.

काढलंस की इथे टाक.

गोदीवाला:

कैरी बेटा, जाशील तेव्हा भरतीची वेळ बघून जा. होड्या कधी लागणार ते त्यावर ठरतं.